त्रेसष्ट वेळा ओकायरी

माझ्या उच्चारांना कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. अठ्ठावीस वर्षं मी इंग्रजी पुस्तकं मोठ्यानं वाचून पोट भरते आहे. काचेच्या खोलीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि लोकांनी गाडी चालवताना, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकायची पुस्तकं वाचायची. वाटतं तितकं सोपं नाही हो! बांगड्या चालत नाहीत, कुरकुरणारे कपडे चालत नाहीत, अकराच्या सुमारास पोट गुरगुरलं तर अख्खं पान पुन्हा. जिभेचा चट्चट् आवाज येऊ नये म्हणून तासातासाला आंबट सफरचंदाची एक फोड खायची. मला सफरचंद अजिबात आवडत नाही.

तर गेल्या वर्षी मी एका जपानी आचाऱ्यावरचं पुस्तक वाचलं आणि एकोणीस तक्रारी आल्या. एकोणीस! अठ्ठावीस वर्षांत सगळ्या मिळून तेवढ्या आल्या नसतील. कुणी लिहिलं, 'या बाई कराओकेला कॅरिओकी म्हणतात, त्यांना कुणीतरी आवरा.' कुणी विचारलं, 'त्सुनामीतला त कुठे सांडला?' एकानं तर सगळ्या चुकांची यादीच पाठवली, तास, मिनिट, सेकंदासह. लोकांना कामधंदे नसतात का?

निर्मात्यानं मला बोलावून घेतलं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे तो, पण खुर्ची त्याची मोठी.

"पुढच्या वर्षी सात पुस्तकांची मालिका येतेय," तो म्हणाला. "एका जपानी पोलीस अधिकाऱ्याची. तुमच्याकडेच द्यायचं माझ्या मनात आहे. पण त्याआधी हे एक पुस्तक करा. यात जपानी उच्चारांवरून बोंब झाली, तर माझाही नाइलाज होईल. मालिका नव्या आवाजाकडे जाईल."

नवा आवाज म्हणजे सव्वीस वर्षांची एक मुलगी. सगळ्यांना 'डिअर' म्हणते, मलासुद्धा. सात पुस्तकं म्हणजे तीन वर्षांचं काम, आणि मी अठ्ठावन्नची. या धंद्यात माझ्या वयाच्या बाईला पुस्तकं मिळतात ती आजीबाईंच्या औषधांची, नाहीतर ध्यानधारणेची. मला ती मालिका हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती.

म्हटलं, "एकही तक्रार येणार नाही. लिहून घे."

पुस्तक तसं छोटं होतं. एका म्हाताऱ्या बाईनं आपल्या संसाराबद्दल लिहिलेलं. बाई इंग्रजी बोलणारी, नवरा जपानी. तो दाताच्या कवळ्या बनवायचा. एकेचाळीस वर्षांचा संसार, मग तो गेला. पुस्तकात मारामारी नाही, गुपितं नाहीत. रोज संध्याकाळी तो कारखान्यातून घरी येतो, दारात बूट काढत 'तादाइमा' म्हणतो, म्हणजे 'आलो गं', आणि ती आतून 'ओकाएरी' म्हणते, म्हणजे 'आलास? ये.' मग दोघं जेवतात. बस. पण लिहिलंय असं, की वाचता वाचता मला दोनदा पाणी प्यायला उठावं लागलं. मोजलं तर 'ओकाएरी' त्रेसष्ट वेळा होतं.

सराव घरी सुरू केला. आमच्या घरी वन्सं असतात, यांच्या थोरल्या बहीण. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ते अजून त्यांना कुणी कळवलेलं नाही. शेंगा सोलत ऐकत बसल्या होत्या.

मी म्हटलं, "टडायमा."

"काय झालं?"

"जपानी आहे, वन्सं."

"त्या जपान्याला ताप आलाय का? इतका कण्हत का बोलतोय?" त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अगं, हे तादाइमा दिसतंय. तुझ्या त्या इंग्रजी तोंडात त आणि द उरलेच नाहीत. सगळा ट आणि ड चा बाजार."

मला राग आला. पण म्हणून बघितलं, त-द लावून, आपल्या साध्या मराठी तोंडानं. आणि काय सांगू! एकदम निराळंच वाजलं, स्वच्छ. अठ्ठावीस वर्षं इंग्रजी वाचून माझी जीभ टाळूला टेकायला शिकली होती, दातांकडे जायचंच विसरली होती.

"देवनागरीत लिहून काढ सगळे शब्द," वन्सं म्हणाल्या. "आणि मराठी माणसासारखी वाच. शिकलेली बाई आहेस, एवढं सुचू नये?"

बसले लिहायला. लाल पेन्सिलीनं, पुस्तकातल्या प्रत्येक जपानी शब्दाच्या डोक्यावर देवनागरी. तीन दिवस लागले. मला वाटलं, झालं आपलं काम, जिंकलं. मग ट्यूनरसाहेब आले.

ट्यूनरसाहेब म्हणजे आमच्या स्टुडिओतल्या पियानोच्या तारा महिन्यातून एकदा जुळवून देणारे गृहस्थ. जन्मानं जपानी, वयानं माझ्याएवढे, बोलणं मोजून मापून. मी त्यांना यादी वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"अक्षरं बरोबर आहेत," शेवटी म्हणाले. "पण बसताय तुम्ही."

"म्हणजे?"

"इंग्रजी बोलणारा माणूस शब्दातल्या एका अक्षरावर बसतो आणि बाकीची बुडाखाली चिरडतो. आमच्याकडे सगळ्यांना सारखी जागा." त्यांनी माझं बोट धरून पियानोच्या एका पट्टीवर ठेवलं. "प्रत्येक अक्षराला एकदा वाजवा. सारखं. ओ. का. ए. री. चार वेळा. घाई नाही, लाड नाहीत."

सहा आठवडे त्यांनी माझ्याकडून ती एकच पट्टी बडवून घेतली. मी घरी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटायची, स्वयंपाकाच्या ओट्यावर आपटायची. हे म्हणायचे, "दार वाजतंय का गं?" वन्संनाही नाद लागला. भाजीवाल्याला त्या 'को-थिं-बी-र' अशी चार ठोक्यांत मागायला लागल्या. आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी ट्यूनरसाहेब डोळे मिटून ऐकून म्हणाले, "बरं आहे."

बरं आहे! मी घरी जाऊन वन्संना मिठी मारली. त्यांना मिठ्या आवडत नाहीत, तरी मारली.

नऊ दिवसांत पुस्तक वाचून झालं. आमचा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, तो सहसा तोंड उघडत नाही. त्यानं शेवटच्या दिवशी काचेपलीकडून अंगठा दाखवला. निर्माता म्हणाला, "मालिकेचा करार काढायला सांगतो." फक्त लेखिकेची मान्यता यायची होती. बाईंची नजर गेलेली. स्वतःचं पुस्तकसुद्धा त्यांना वाचता येत नव्हतं, ऐकायचंच होतं. मला वाटलं, फुलं पाठवतील.

फोन आला तो थेट मलाच. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण इथे मराठीतच सांगते. माझा राग मराठीतच खरा वाटतो.

"फार छान वाचलंय तुम्ही," बाई म्हणाल्या. "त्याचं तादाइमा तर अगदी त्याचंच. पण ओकाएरी ज्या म्हणतात, त्या बाई कोण?"

"तुम्हीच की."

"मी नाही. मी अशी कधी म्हणत नव्हते. मी म्हणायचे ओकायरी."

आणि त्यांनी म्हणून दाखवलं. देवा रे! 'का'वर अशी ठाण मांडून बसली बाई, 'ए' पार गिळला, आणि 'री' लांबवत नेली ती नेलीच. ट्यूनरसाहेबांनी ऐकलं असतं तर पियानो बंद करून घरी गेले असते.

"ते चूक आहे," मी म्हटलं.

"चूकच आहे. ते तसंच हवंय मला. त्रेसष्टही."

मी फोन ठेवला आणि घर डोक्यावर घेतलं. सहा आठवडे! बोटाला घट्टा पडला! आता म्हणे चुकवा! वन्सं शांतपणे म्हणाल्या, "भेटून ये तिला. फोनवर भांडून घसा बसेल, मग सातही पुस्तकं जातील."

गुरुवारी सकाळी दहाला बाई स्टुडिओत आल्या. अठ्ठ्याहत्तरच्या, काटकुळ्या, हातात पांढरी काठी. कानसेननं आपली खुर्ची दिली. निर्माता मुद्दाम येऊन बसला होता. मी सरळच विषयाला हात घातला.

"बाई, एक सांगा. एकेचाळीस वर्षांत तुम्हाला एक शब्द शिकता आला नाही?"

"आला की," त्या म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "ओकाएरी." चार अक्षरं, सारखी, एकही चिरडलेलं नाही. माझ्यापेक्षा चांगलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिकले," त्या सांगू लागल्या. "त्याला चकित करायचं म्हणून. महिनाभर न्हाणीघरात नळ सोडून सराव केला. मग एका संध्याकाळी तो आला, तादाइमा म्हणाला, आणि मी आतून हे असं म्हटलं. काही हालचालच नाही. बाहेर येऊन बघते तर एक बूट पायात, एक हातात, आणि स्वारी माझ्या खांद्यावरून आत बघतेय. 'घरात कोण आलंय?' म्हणाला. म्हटलं, अरे मीच! तर म्हणतो, 'मग तुझ्यासारखं म्हण. बरोबर म्हणणारे सगळे तिकडे जपानात होते. तिथून तर मी निघून आलो.'" त्या हसल्या. "त्यानंतर मी कधी बरोबर म्हटलं नाही."

"हे पुस्तकात का नाही लिहिलंत?" निर्मात्यानं विचारलं.

"लिहून काय उपयोग? कागदावर दोन्ही एकसारखीच दिसतात. छापून आलं तेव्हाच वाटलं, बाकी सगळं आलं आणि हे एक राहूनच गेलं. मग तुम्ही म्हणालात, पुस्तक ऐकायला मिळणार. म्हटलं, चला, आता येईल." त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "आता नाही आलं तर परत कुठे येणार हो?"

निर्मात्यानं घसा खाकरला. "सुरुवातीला एक सूचना घालू या. उच्चार लेखिकेच्या इच्छेनुसार चुकीचा ठेवला आहे, अशी. म्हणजे तक्रारी येणार नाहीत."

"नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या घरात मी कशी बोलत होते, त्याची मी दारातच माफी मागू?"

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेतलं मला सगळं ऐकू आलं. सूचनेशिवाय त्रेसष्ट चुका म्हणजे तक्रारींचा पाऊस, आणि तक्रारी म्हणजे मालिका गेली. माझ्या मनात आलं, नाही म्हणावं. करारात होतं तसं, लेखिकेला मान्यता नाकारता येते, पण वाचणाऱ्याला चूक वाचायला लावता येत नाही. दुसरी कुणी वाचेल, तीही बरोबरच. मला मालिका मिळेल. आणि मग ही म्हातारी आपल्याच घरात एका परक्या बाईचा आवाज ऐकत बसेल, उरलेलं आयुष्य.

"तक्रारी माझ्या नावावर येऊ देत," मी म्हटलं, आणि उठले.

आता सांगूनच टाकते, म्हणजे तुमचाही जीव टांगणीला नको. तक्रारी आल्या, चौतीस. 'पुरुषाचं जपानी अस्सल आणि बाईचं भिकार, वाचणारीला दोन ओळींत विसरायला होतं का?' असंही एकानं लिहिलं. मालिका नव्या आवाजाकडे गेली. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. सध्या मी ध्यानधारणेचं वाचते. 'श्वास सोडा' असं म्हणते आणि स्वतः रोखून धरते. पण हे सगळं होणार, हे मला त्या गुरुवारी काचेचं दार ओढून घेतानाच ठाऊक होतं. फसवलं कुणी नाही मला.

तर बसले आत. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात. ओकायरी म्हणायचं, त्यात काय एवढं? जन्मभर असंच तर बोलत आले. तोंड उघडलं.

"चेष्टा करताय तुम्ही माझी," पलीकडून बाई म्हणाल्या.

पुन्हा म्हटलं. आता नाटकातली बाई वाटली. तिसऱ्यांदा म्हटलं, तर जीभ आपोआप दातांकडे धावली आणि ओ, का, ए, री असं चोख बाहेर पडलं. कानसेननं कपाळाला हात लावला. सहाव्या वेळी बाई निर्मात्याला म्हणाल्या, "मला चिडवताना शेजारची मुलं म्हणायची, तसं वाटतंय हे."

माझा संताप संताप झाला. ज्या बाईसाठी मी तीन वर्षांचं काम घालवायला निघाले, तिला ते पसंत नाही! आणि तिचंही बरोबर होतं, ते जास्तच झोंबत होतं. चुकीचं बोलणं वेगळं आणि चूक करून दाखवणं वेगळं. बोट पुन्हा टेबलावर ठोके द्यायला लागलं होतं. मी ते बोट दुसऱ्या हातानं दाबून धरलं.

"चहा सांगू का?" निर्माता म्हणाला. चहा आला. मी आतच बसून राहिले.

आमच्याकडे एखादं वाक्य दुरुस्त करायचं तर आधीची दोन-तीन वाक्यं वाजवतात. वाचणारीच्या कानात तिचाच आवाज येतो, सूर सापडतो, आणि नेमक्या जागी लाल दिवा लागला की तिनं पुढचं बोलायचं. कानसेननं मागे नेऊन वाजवायला सुरुवात केली. तिकडे बोलायचं बटण त्यानं दाबूनच ठेवलं होतं, त्यामुळे बाहेरचंही सगळं माझ्या हेडफोनमध्ये येत होतं. कपबशीचा आवाज, बाईंचा आवाज. त्या निर्मात्याला चहावरून झापत होत्या.

"हा चहा आहे का?" त्या म्हणत होत्या. "नुसतं कपाला रंग दिल्यासारखं..."

तिकडच्या स्पीकरवर माझा आवाज पुस्तकातलं वाचत होता: त्यानं दार लोटलं. छत्री कोपऱ्यात उभी केली. आणि बूट काढता काढता म्हणाला, तादाइमा.

"ओकायरी," बाई म्हणाल्या, "आणि साखर तर..."

तिथे त्या थांबल्या.

कसं म्हटलं त्यांनी, ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. लाडानं नाही, दुःखानं नाही. चहाबद्दलचं वाक्य मध्ये सोडून, मान न वळवता, जसं आपण आतल्या खोलीतून 'हो, हो' म्हणतो तसं. मी ज्याला तादाइमा म्हणायला लावलं होतं, पट्टी बडवून बडवून, तो त्यांना खरोखरच आलेला ऐकू आला होता.

लाल दिवा लागला होता. मी वाचलं नाही. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी घरी आलं होतं आणि आतून उत्तर द्यायचं होतं, म्हणून दिलं. "ओकायरी."

कानसेननं दिवा बंद केला नाही. बाईंचा कप अधांतरी, तोंड किंचित उघडं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते पुसतही नव्हते, बाहीचा आवाज माइकमध्ये जाईल म्हणून.

मग त्यांनी कप बशीत ठेवला.

"वाचा ना पुढे," त्या म्हणाल्या. "थांबलात कशाला? आल्या आल्या भूक लागलेली असते त्याला."

मी पान उलटलं. अजून बासष्ट राहिले होते.